काणी कुणाची

गावात अण्णासो मगदूम दोन होते. दोघांचं दूध एकाच डेअरीत, दोघांच्या म्हशी सारख्याच आडमुठ्या. घोटाळा नको म्हणून डेअरीच्या सेक्रेटरीनं एकाच्या नावापुढं कंसात ‘वरची गल्ली’ घातलं आणि दुसऱ्याच्या नावापुढं कंसात ‘काणी’. ही गोष्ट कंसात काणी असलेल्या अण्णासोची आणि त्याच्या लेकीची, आदितीची.

ज्यांनी ऊस फक्त रसवंतीच्या ग्लासात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगायला हवं, काणी हा उसाचा रोग. बुरशी असते. उसाच्या शेंड्यातून काळा, लांबलचक चाबूक बाहेर पडतो, वारं सुटलं की त्यातून काजळीसारखी भुकटी उडते, आणि ते उसाचं बेट, म्हणजे अख्खा झुबका, गेलं म्हणून समजायचं. गडहिंग्लज भागातल्या त्या गावात हा चाबूक पंधरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिसला तो अण्णासोच्या शेतात. झालं. तेव्हापासून गावात कुणाचाही ऊस वाळला, टनेज घटलं, अगदी खताचा हप्ता चुकवून पीक पिवळं पडलं तरी लोक एकच सांगायचे, ‘काणीअण्णाची कृपा.’ लोकांच्या मोबाइलमध्येसुद्धा त्याचं नाव तसंच. आदितीला बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी चहा पिता पिता विचारलं होतं, “काणीवाल्यांचं घर म्हणत्यात ते हेच का?” अव्वानं, म्हणजे आदितीच्या आईनं, चंदनाबाईंनी, पोह्यांची बशी पुढं केली होती ती तशीच मागं घेतली. ते स्थळ तिथंच संपलं.

आता ही काणी अण्णासोच्या शेतात आली कुठून? तर त्याची सुरुवात एका लग्नात आहे.

आकारामदादा इंगवले म्हणजे साखर कारखान्याचे माजी संचालक. कोल्हापूरला लागून पंचगंगेच्या काठी चाळीस एकरांचा मळा, आणि माणसाला पाहुणचाराचं वेड. घरी आलेलं माणूस रिकाम्या हातानं गेलं तर दादांना रात्री झोप लागत नसे. मुलीचं, निशिगंधाचं लग्न निघालं तेव्हा त्यांनी जाहीर केलं, “टॉवेल-टोपी काय कुणीबी देतंय. आपण बेणं द्यायचं. माझ्या मळ्यातलं. पावण्यांच्या रानात आमची आठवण उगवली पायजे.” आणि खरोखरच हजारो पाहुण्यांना दादांच्या मळ्यातल्या लावणीच्या उसाची एकेक मोळी मिळाली, लाल रिबीन बांधलेली, हळदीकुंकू लावलेली. चंदगडचे पाहुणे मोळ्या एसटीच्या टपावर टाकून गेले, गडहिंग्लजचे जीपमध्ये मांडीवर घेऊन गेले. वर्तमानपत्रात फोटो आला, ‘अनोखा विवाहसोहळा’.

अण्णासो कारखान्याचा सभासद, म्हणून त्यालाही आमंत्रण आणि त्यालाही मोळी. इतरांनी आपापल्या मोळ्या गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवल्या, सवड मिळेल तेव्हा लावू म्हणून. अण्णासो पडला सरळमार्गी. दादांनी दिलेलं बेणं वाळवायचं म्हणजे पाप, असं म्हणून त्यानं दुसऱ्याच दिवशी त्याच्या टिपऱ्या, म्हणजे लावायची कांडी, तोडल्या आणि रस्त्याकडेच्या पट्ट्यात लावून टाकल्या. साहजिकच पहिला काळा चाबूक त्याच्याच शेतात निघाला. एवढ्यावर तरी गप्प बसावं की नाही? पण नाही. हा गडी धावत गावात गेला आणि चावडीसमोर उभा राहून ओरडला, “माझ्या उसाला काणी आलीया! आपापली रानं बघा रं!”

लोकांनी आपापली रानं बघितली. महिन्याभरात तिथंही चाबूक निघाले. आणि बांधाशेजारचा जोतीराम खोत, जो तोवर अण्णासोच्या विहिरीचं पाणी पीत होता, तो चावडीवर म्हणाला, “आमच्यात कुठली काणी? ह्येच्याकडनं वाऱ्यानं आली. त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलंय.”

सगळ्यांनी एकाच लग्नातलं बेणं लावलं होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण दादांच्या बेण्याला रोग? असं बोलायला जीभ कुणाची वळणार? पुढच्या हंगामाला ऊसतोडीची पाळी दादांच्या शब्दावर मिळायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं चोराच्या घरी जेवून, ढेकर देऊन मग संन्याशाला फाशी दिली. आणि गंमत म्हणजे संन्याशालाही ते पटलं. अण्णासो आयुष्यभर म्हणत राहिला, “दादांचं बेणं सोनं हुतं. माझ्याच रानाचा दोष.” तो खाली मान घालून डेअरीत जायचा, खाली मान घालून यायचा.

आदितीला मात्र ते पटलं नाही. शाळेत पोरींनी तिच्या वेणीला ‘काळा चाबूक’ म्हणून झालं होतं. ती शिकत गेली, कोल्हापूरला आली, मंगळवार पेठेत एका खोलीत भाड्यानं राहिली आणि पीएच.डी.ला विषय घेतला तोच. काणीच्या बुरशीत गावागावांप्रमाणं आनुवंशिक फरक किती पडतो, याचा अभ्यास. मनातलं गणित साधं होतं. बापाच्या शेतातली काणी एक आणि जोतीरामच्या, चंदगडच्या शेतांतली वेगळी निघाली, की बापाच्या नावापुढचा कंस पुसता येणार.

मार्गदर्शक मिळाले डॉ. उदयसिंह इंगवले. हो, दादांचेच चिरंजीव. जिल्ह्यात काणीवर बोलणारा दुसरा माणूसच नव्हता, कारण सर दुसऱ्या कुणाला बोलू देत नसत. त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते प्रत्येक परिसंवादात हात हवेत फिरवून मांडत, “चंदगडचं पाणी वेगळं, तांदूळ वेगळा, माणूस वेगळा. मग काणी तीच कशी असेल?” या एका वाक्यावर सरांना दोन पुरस्कार आणि थायलंडचा एक दौरा झाला होता. पुरावा म्हणाल तर तो आदितीनं गोळा करायचा होता.

म्हणजे बघा, गुरूला फरक हवा होता आणि शिष्येलाही फरकच हवा होता. असा योग पीएच.डी.त सहसा येत नाही.

आदितीनं कामाला कमी केलं नाही. चंदगडच्या पावसात जळवा पायाला घेऊन हिंडली. काळ्या चाबकावर आधी हळूच प्लास्टिकची पिशवी चढवायची, मग खालून कापायचा, म्हणजे भुकटी उडत नाही. अशा पिशव्या घेऊन एसटीत बसली की शेजारची बाई विचारायची, “काय गं, केसांचं गंगावन हाय व्हय?” स्वतःच्या शेतातले नमुने घेतले, जोतीरामच्या शेतातले घेतले. जोतीराम बांधावर उभा राहून म्हणाला, “घे की. तुझ्या बाऽचीच हाय, परत घिऊन जा.” तिनं दात आवळले आणि पिशवीला गाठ मारली.

तुलनेला एक निरोगी शेत लागतं. सर म्हणाले, “आमच्या मळ्यातले नमुने घे. तिथं काणी नाही. दादा ठेवतच नाहीत.”

दादांनी तिला स्वतः मळा दाखवला. ऐंशी ओलांडलेले, हातात काठी, डोक्याला फेटा. मागच्या बाजूला त्यांचा खास संग्रह होता. कारखान्याचा संचालक असताना ते दर वर्षी अभ्यासदौऱ्यावर जात आणि जिथं जातील तिथून उसाचं एखादं कांडं पिशवीत घालून आणत. “ह्यो लखनौचा. ह्यो कोइमतूरचा. ह्यो बिहारचा, रेल्वेत टीसीनं धरलतं मला ह्येच्यापायी.” आणि त्या ठिकठिकाणच्या उसांच्या शेंड्यांतून काळे चाबूक खुशाल झुलत होते.

“दादा, हे काय आहे?” तिनं विचारलं.

“ह्यो काळा तुरा. लई जोरकस जात असली की येतोय.”

शेजारी उभ्या असलेल्या गड्यांनी माना डोलावल्या. त्यांना काणी कळत नव्हती असं नाही. पण दादांनी एकदा तुरा म्हटल्यावर त्या मळ्यात तो तुराच. रोग व्हायची हिंमत त्याला तरी कशी व्हावी? आदितीनं गुपचूप पिशव्या चढवल्या, काळे तुरे कापले आणि जाताना दादांनी हातात ठेवलेला गुळाचा रवा, म्हणजे छोटी ढेप, घेऊन परत आली. सरांना सांगितलं तेव्हा ते कागदातून मान वर न काढता म्हणाले, “निरोगी नमुने तपासून रसायनं वाया घालवायची नाहीत. फ्रीजमध्ये टाक.”

मग बाकीच्यांचे निकाल आले. चंदगडची काणी, गडहिंग्लजची काणी, जोतीरामची, अण्णासोची, सगळ्यांचे डीएनए आदितीनं शेजारी शेजारी लावून बघितले. फरक शून्य. एकाच साच्यातून काढल्यासारख्या. तिनं पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदा केलं, तेच.

सर भडकले. “असं कसं होईल? चंदगडचं पाणी—”

“सर, पाणी वेगळं आहे. बुरशी तीच आहे.”

“मग तुझं काहीतरी चुकलं असणार.” सरांना स्वतःचा थायलंडचा फोटो आठवत असावा, कारण ते भिंतीकडं बघत होते.

रात्री अण्णासोचा फोन आला. “काय निघालं गं?”

“सगळी एकच आहे, अप्पा.”

“बरं,” अण्णासो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत कुणीतरी विचारल्यावर त्यानं सरळ सांगून टाकलं. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा गुण. गप्प बसताही येत नाही, हा त्याचा घात. जोतीरामनं तिथंच किटली खाली ठेवली आणि मांडीवर थाप मारली. “मी काय म्हणत हुतो! वाऱ्यानं आली म्हणत हुतो, तर ह्या गड्यानं चंदगडपतूर पोचीवली की! नाद खुळा!” संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदनाचा संदेश फिरला, ‘आपल्या गावचं नाव चंदगडपर्यंत नेल्याबद्दल काणीअण्णांचं हार्दिक अभिनंदन’. खाली हसरे चेहरे, फटाके आणि एक ऊस.

आदितीनं तो संदेश बघितला आणि मंगळवार पेठेतल्या त्या खोलीत ती उशीत तोंड खुपसून रडली. बापाला सोडवायला गेली आणि त्याला आणखी जखडून आली होती. आधी त्याच्या डोक्यावर एका शिवाराचं पाप होतं, आता दोन तालुक्यांचं. आणि ते तिनं घातलं होतं, शिष्यवृत्ती घेऊन.

मग तिला राग आला, आणि रागात माणसाला कधी कधी बरं सुचतं. सकाळी ती प्रयोगशाळेत गेली, फ्रीज उघडला आणि दादांचे काळे तुरे बाहेर काढले. रसायनं वाया गेली तर गेली!

त्या मळ्यात एक नव्हे, सहा तऱ्हेच्या काण्या निघाल्या. आणि त्या सहांतली एक तंतोतंत तीच होती, जी चंदगडला होती, जी जोतीरामकडं होती, जी अप्पाकडं होती. आदिती खुर्चीवर मागं टेकली. यात अवघड काही नाही. माहेरच्या मांडणीवर घरातली सगळी भांडी असतात आणि सासरी गेलेल्या लेकीकडं त्यातला एखादाच तांब्या असतो. शंभर घरांत तोच एक तांब्या दिसला आणि सगळी भांडी फक्त एकाच घरात दिसली, तर तांब्ये कुठून वाटले गेले हे सांगायला पीएच.डी. लागत नाही. मेलं, पण तिला लागली होती. अण्णासोच्या शेतात तर तो एकुलता एक तांब्याच होता. तो वाटणारा नव्हता, घेणारा होता, आणि त्याच्यासारखे घेणारे हजारो होते. बुरशी चंदगडला वाऱ्यावर गेली नव्हती. लाल रिबीन बांधून, एसटीच्या टपावर बसून, आहेर म्हणून गेली होती.

ती सरांकडं गेली. सरांनी तक्ते बघितले, दार लावून घेतलं आणि आवाज एकदम मऊ केला. “आदिती, तू हुशार मुलगी आहेस. निरोगी शेताचा नमुना रोगी निघाला तर तो नमुना बाद करायचा असतो. हे संशोधनाचं शिस्तीचं काम आहे.”

“पण सर, मग सगळे म्हणतील माझ्या वडिलांच्या शेतातनं पसरली.”

“लोक म्हणतात. विज्ञान कुठं म्हणतंय? प्रबंधातलं हे मळ्याचं चौथं प्रकरण काढून टाक. दादांचं वय बघ. त्यांचा अमृतमहोत्सव झालाय.”

“होय, सर,” आदिती म्हणाली आणि चौथं प्रकरण आहे तिथंच ठेवलं. एवढं धाडस कसं केलं म्हणाल, तर त्याला धाडस लागत नाही, अनुभव लागतो. सर कुठल्याही प्रबंधातलं फक्त एकच पान वाचत, आभाराचं. तिथं आपलं नाव किती वेळा आणि कुठल्या विशेषणांसह आलंय हे ते पेन्सिलीनं तपासत. आदितीनं त्यांना दीपस्तंभ केलं, वटवृक्ष केलं, शेवटी परीससुद्धा केलं. सरांनी त्याच बैठकीत सही ठोकली.

प्रबंध धारवाडच्या परीक्षकांकडं गेला आणि त्यांचा अहवाल आला. ते म्हातारे गृहस्थ भलतेच खूश झाले होते. ‘विशेषतः चौथे प्रकरण. स्वतःच्याच घराण्याच्या मळ्याचे नमुने अभ्यासात घेऊ देणाऱ्या मार्गदर्शकाचे नैतिक धैर्य आजच्या काळात दुर्मीळ आहे.’

सरांनी अहवाल वाचला आणि आदितीला बोलावलं. ओरडावं तर धैर्य जातं, गप्प बसावं तर मळा जातो. शेवटी म्हणाले, “व्हायवाला मळ्याचं नाव घ्यायचं नाही. ‘स्थळ क्रमांक चार’ म्हणायचं. आणि त्या धैर्याबद्दल मी शेवटी दोन शब्द बोलेन.”

व्हायवा म्हणजे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. आपल्याकडं ती सगळ्यांसमोर होते, आणि नंतरचं जेवण परीक्षा देणाऱ्यानं घालायचं असा रिवाज. मगदूम जैन आहेत, तेव्हा मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा नाही, हे कळल्यावर विभागातल्या निम्म्या लोकांचा काणीतला रस आटला. तरी हॉल भरला. सरांचं धैर्य बघायला खुद्द आकारामदादा पहिल्या रांगेत. गावाकडनं अण्णासो आला होता, स्वच्छ पांढरी टोपी घालून, आणि त्याला आणलं होतं जोतीरामनं, स्वतःच्या जीपमधून. जोतीरामला विज्ञानाची आवड नव्हती, पण काणीअण्णाची पोरगी सगळ्यांसमोर काय बोलते हे गावात जाऊन सांगणारं कुणीतरी पाहिजे की नको? दोघं शेवटच्या रांगेत बसले. अण्णासोची मान नेहमीसारखी खाली.

आदितीनं सगळं इंग्रजीत सांगितलं. तीन ठिकाणी एकच काणी, आणि स्थळ क्रमांक चारमध्ये सहा. धारवाडचे परीक्षक कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी चष्मा पुसला. “छान. पण म्हणजे हा रोग स्थळ क्रमांक चारवरनं गेला. हे स्थळ कुठं आहे, ते तुम्ही बोलला नाही.”

सर खोकले. मग आणखी मोठ्यानं खोकले. आदितीनं शेवटच्या रांगेकडं बघितलं. तिथं पांढऱ्या टोपीचा फक्त शेंडा दिसत होता. पंधरा वर्षं तिनं बापाचा चेहरा लोकांत असा पुरता बघितलाच नव्हता, नेहमी नुसती टोपी. तिच्या तोंडून मराठीच आलं, घरचं.

“इंगवल्यांच्या मळ्यातनं, सर. पंधरा वर्सांमागं लग्नात बेणं वाटलं, त्यातनं ही काणी जिल्ह्यात गेली. माझ्या वडलांच्या शेतातनं नव्हं. माझे वडील मागं बसल्यात. त्यांनी फक्त पहिल्यांदा सांगितलं, एवढीच त्यांची चूक.”

सरांचा चेहरा चुन्यासारखा झाला. जोतीरामचं तोंड उघडं राहिलं. आदितीला बरं वाटत होतं. आता लाज वाटेल, ती म्हणाली मनात, आता तरी ह्यांना लाज वाटेल.

आकारामदादा काठी टेकत उभे राहिले. हळूहळू वळले, सगळ्या हॉलकडं बघितलं.

“म्हंजे,” ते म्हणाले, “चंदगडपास्नं गडहिंग्लजपतूर, समद्या रानात आमच्याच मळ्याचं हाय म्हणा की!”

मग ते परीक्षकांकडं वळले.

“डीएनएनं सिद्ध झालं?” दादांनी परीक्षकांना विचारलं.

“हो, सिद्ध झालं,” परीक्षक गोंधळून म्हणाले.

“मग!” दादांनी काठी आपटली. “लग्नात काय म्हणलतो मी? पावण्यांच्या रानात आमची आठवण उगवंल! उगवली का न्हाय? पंधरा वर्सं झाली, अजून मरंना! ह्येला म्हणत्यात जोरकस जात!”

आणि टाळी पडली. पहिली टाळी कुणाची म्हणता? जोतीरामची. मग विभागाच्या लोकांची, मग सगळ्या हॉलची. सरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि त्यांनी लगेच उठून आपले दोन शब्द बोलून घेतले, धैर्याबद्दल, वारशाबद्दल, मातीतल्या जनुकांबद्दल. ते म्हणाले की या वाणाला आता दादांचं नाव देण्यात यावं. वाण! सकाळपर्यंत रोग होता. परीक्षक डोकं धरून बसले, पण पदवी त्यांनी दिली.

जेवताना लोक दादांच्या पाया पडत होते. आदितीचं अभिनंदनही झालं, दादांचं नाव मोठं केल्याबद्दल. ती ताट घेऊन बापाजवळ जाऊन बसली. “अप्पा, त्यांनी तुमची माफी मागायला पायजे होती.”

अण्णासो भाताचं शीत न् शीत गोळा करत होता. “माफी कसली गं? त्यो तर हार घालून घ्यालाय.”

संध्याकाळी जोतीरामच्या जीपमधनं तिघं गावाकडं निघाले. कारखाने सुरू होते, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग. जोतीराम रंगात आला होता. एका हातानं गाडी हाकत त्यानं गावाच्या ग्रुपवर आवाजी निरोप सोडला, मग अण्णासोच्या मांडीवर थाप मारली.

“अण्णा, पर एक बोलतो. दादांचा वाण आपल्या गावात पयल्यांदा कुणाच्या रानात उगवला? तुमच्याच! पयला मान तुमचा. मी तर म्हणतो, चौकात बोर्डच लावूया. दादांचा फोटो मोठा, तुमचा बारका, बाजूला.”

“जोत्या,” अण्णासो म्हणाला, “गाडी थांबीव.”

“का? लघवीला?”

“थांबीव म्हणलो की!”

जोतीरामनं दचकून गाडी कडेला घेतली. अण्णासो खाली उतरला, पलीकडच्या बाजूला गेला आणि जोतीरामचं दार उघडून त्याला बकोटीला धरून बाहेर ओढलं. आदितीनं बापाला गुराला काठी मारताना बघितलं नव्हतं. आता त्याचे डोळे लाल झाले होते आणि मान, ती नेहमीची खाली घातलेली मान, ताठ होती.

“पंधरा वर्सं,” तो ओरडला, “पंधरा वर्सं तू मला चारचौघांत काणी म्हणलास! माझ्या विहिरीचं पाणी पिऊन म्हणलास! माझ्या पोरीचं स्थळ मोडलंस! रोग माझा म्हणलास, मी ऐकून घेतलो. आता मान माझा म्हणायलास? मला तुझा रोग नको आन त्या म्हाताऱ्याचा मानबी नको!”

“मग काय पायजे, अण्णा?” जोतीराम कावराबावरा होऊन म्हणाला. मागं ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते.

“माझं नाव काय?”

“अण्णा...”

“पुरं.”

“अण्णासो मगदूम.”

“मोठ्यानं!”

“अण्णासो मगदूम!” जोतीराम रस्त्यावर उभा राहून ओरडला. दोन ट्रॅक्टरवाले हॉर्न सोडून बघायला लागले. आदिती जीपमधनं उतरली. रडू आवरत नव्हतं आणि तिला ते आवरायचंही नव्हतं.

अण्णासोनं टोपी काढली, कपाळाचा घाम पुसला आणि परत घातली. “आता परत म्हण,” तो म्हणाला, “माझ्या लेकीला ऐकू येऊ दे.”